राणीचे सात ठिपके

ठिपकेताई हे नाव त्यांच्या भावाने पाडलं होतं, आणि ते इतकं चपखल बसलं की स्टुडिओत नव्याने येणाऱ्याला बाईंचं आडनावच ठिपके असावं असं वाटे. काम होतंच तसं. फोटोग्राफर लोक बाहेरून फोटो काढून आणत आणि मागच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून ठिपकेताई ते साफ करत. कमी उजेडात काढलेल्या फोटोवर बारीक वाळू भुरभुरल्यासारखा दाणा उठतो. काही दिवे डोळ्यांना न कळेल इतक्या वेगाने लुकलुकतात, कॅमेरा मात्र ते पकडतो आणि फोटोभर आडवे पट्टे उमटवतो. शिवाय प्रत्येक कॅमेऱ्याची एक स्वतःची खोड असते. आतल्या, उजेड टिपणाऱ्या पट्टीवरचे दोन-चार बिंदू कधीतरी बिघडतात आणि मग त्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक फोटोत, नेमक्या त्याच जागी, उजळ ठिपके दिसत राहतात. नवरीच्या गालावर पडले तर नवरी चिडते, साहेबांच्या टकलावर पडले तर साहेब.

यावर ठिपकेताईंची एक रीत होती. महिन्याच्या पहिल्या सोमवारी स्टुडिओतले सगळे कॅमेरे त्यांच्या टेबलावर हजर. प्रत्येकाला झाकण लावायचं आणि झाकणासकट, मिट्ट काळोखाचा, अर्धा मिनिटभराचा एक फोटो काढायचा. त्या काळ्या फोटोत दिसतं ते फक्त कॅमेऱ्याचं स्वतःचं, बाहेरचं काही नाही. याला स्टुडिओत ‘झाकणफोटो’ म्हणत. पुढे महिनाभर त्या कॅमेऱ्याच्या फोटोंतून हा झाकणफोटो वजा केला की खोडी आपोआप पुसल्या जात. पण ठिपकेताईंचं एवढ्यावर भागत नसे. त्यांनी एक जाड पुठ्ठ्याची वही ठेवली होती. कॅमेऱ्यागणिक एक पान, आणि पानावर प्रत्येक ठिपक्याची जागा आकड्यांत: डावीकडून किती, वरून किती. पानाच्या माथ्यावर कॅमेऱ्याचं नाव, तेही भावानेच ठेवलेलं. बुटका, पहिलवान, राणी.

माणसांची अशी वही त्या ठेवत नसत. गरज नव्हती, ती सगळी तोंडपाठ होती. स्टुडिओचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, ते ‘बघू’ म्हणाले की नाही समजायचं. पुढच्या टेबलावरची मुलगी दिवसातून तीनदा ‘बँकेचा फोन आहे’ म्हणून जिन्यात जाते आणि बँकेशी बोलताना लाजते. पहिलवान वापरणारा फोटोग्राफर फोटो वाईट आले की दिव्यांना दोष देतो, चांगले आले की दिव्यांचं नावही काढत नाही. ठिपकेताई हे कोणाला बोलून दाखवत नसत, फक्त मनातल्या मनात नोंद वाढवत असत. आणि त्यांची नोंद आजवर चुकली नव्हती, निदान त्यांची तशी समजूत होती.

भावाला घरात आणि बाहेरही बारक्या म्हणत. उंची सहा फूट. बहिणीपेक्षा नऊ वर्षांनी लहान, म्हणून बारक्या. एकेकाळी तोही याच स्टुडिओत होता आणि राणी त्याच्या हातात असे. राणी म्हणजे स्टुडिओतला सगळ्यांत चांगला कॅमेरा. दीड वर्षापूर्वी एका सभागृहातल्या कार्यक्रमात बारक्या शिडीवर चढून दुसऱ्या कॅमेऱ्याने वरून फोटो काढत होता, आणि खाली उतरला तेव्हा बॅग जागेवर होती, बॅगेत राणी नव्हती.

काकांनी प्रकरण पोलिसांत दिलं नाही. ठिपकेताई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. “काका, माझ्या हाताखाली वाढलेला पोरगा आहे. त्याने घेतला नाही. मी शब्द देते.”

“तू शब्द देतेस ना, मग संपलं,” काका म्हणाले होते.

काकांपुरतं संपलं, बाकीच्यांचं संपलं नाही. बारक्या आत आला की बोलणारे गप्प होत आणि लेन्सा मोजल्या जात, तेही तो बघत असताना. पंधरा दिवसांत त्याने काम सोडलं. पुढे कुठूनतरी जुना कॅमेरा घेतला आणि मिळतील ती कामं करू लागला. तो जुना कॅमेरा नेमका राणीच्याच जातीचा निघाला. “हात बसलाय त्यावर,” तो म्हणाला होता. ठिपकेताई “बरं केलंस” म्हणाल्या होत्या.

आता दीड वर्षाने स्टुडिओतला एक जण काम सोडून चालला होता. जागा रिकामी होत होती. ठिपकेताईंनी तीन आठवडे काकांच्या मागे भुणभुण लावली, आणि सोमवारी काका म्हणाले, “गुरुवारी दहाला पाठव त्याला.” बघू म्हणाले नाहीत, पाठव म्हणाले. बारक्याने त्याच संध्याकाळी पांढरा शर्ट धुवायला टाकला.

आणि हा बुधवार. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ठिपकेताईंनी बारक्याच्या कॅमेऱ्याचं कार्ड काढलं. त्याचे फोटो त्या अधूनमधून असेच साफ करून देत, सुट्टीच्या वेळात, काकांना सांगून. या वेळचं काम मोठं होतं. एका नाटकमंडळीची रंगीत तालीम, शुक्रवारी फोटो द्यायचे. रंगमंचावर अंधार, कोपऱ्यात एक निळा दिवा, मागे मखमली पडदा. अशा ठिकाणी कॅमेऱ्याची परीक्षा असते, आणि साफ करणाऱ्याची त्याहून.

त्यांनी सगळे फोटो प्रोग्राममध्ये घातले, नेहमीची बटणं दाबली, पहिला फोटो मोठा केला आणि अंधारातलं दिसावं म्हणून उजेड चढवला. दाणा तर उठलाच. वर नाटकातल्या राजाच्या छातीपासून त्याच्या राणीच्या पदरापर्यंत आडवे पट्टे, जसं काही दरबार भरायच्या आधी कोणी पट्ट्यापट्ट्यांचा पडदा सरकवायचा विसरून गेलं होतं.

“गाढवाला दहा वेळा सांगितलं, आधी दिव्यांशी जुळवून घे,” त्या स्वतःशीच हसून म्हणाल्या, आणि पट्टे किती रुंद आहेत ते बघायला फोटोतल्या मखमली पडद्यावर गेल्या.

पडद्यावर एक ठिपका होता.

ठिपका काय, कुठेही असतो. त्याच्या उजवीकडे, थोडा खाली, दुसरा. खाली एकमेकांजवळ चार. मग बरंच अंतर सोडून एक. ठिपकेताईंचा माउसवरचा हात थांबला. हा आकार त्यांच्या ओळखीचा होता. उलट्या पडलेल्या खुर्चीसारखा. दोन पाय वर, पाठ खाली, आणि कोपऱ्यात एकटाच सातवा, खुर्चीवरून घरंगळल्यासारखा.

त्यांनी पुढचा फोटो उघडला. तिथेही खुर्ची. त्याच्या पुढचा उघडला. राजा बसला होता, उभा राहिला होता, मेला होता, खुर्ची जागची हलली नव्हती.

त्यांनी वही काढली. कोऱ्या कागदावर पडद्यावरच्या ठिपक्यांचे आकडे एकाखाली एक उतरवले, डावीकडून किती, वरून किती. मग राणीचं पान उघडून कागद शेजारी ठेवला.

सातपैकी सात.

ठिपकेताईंनी आयुष्यात बऱ्याच लोकांच्या खोडी पकडल्या होत्या आणि प्रत्येक वेळी आतून थोडं सुख झालं होतं. आज तसं काही झालं नाही. समोर जेवणाचा डबा उघडा होता, त्यातलं काय खाल्लं आणि काय राहिलं ते त्यांना कळेना. फाइलीत कॅमेऱ्याचा नंबर असतो, तोही त्यांनी बघितला. नंबर राणीचा नव्हता. पण नंबर बदलून देणारे असतात असं त्यांनी ऐकलं होतं. ठिपके बदलून देणारा अजून जन्माला आला नव्हता.

“माझ्या हाताखाली वाढलेला पोरगा,” एवढंच त्यांना आठवत राहिलं.

त्या पाऊण तास तशाच बसल्या. मग साफ केलेल्या फोटोंतले चार एका पेनड्राइव्हवर घेतले, वही काखेत मारली आणि काकांच्या केबिनमध्ये गेल्या. काका लेन्सवर फुंकर मारून फडक्याने पुसत होते.

“काका, उद्याचं राहू द्या.”

“उद्याचं काय?”

“बारक्याला बोलावलंय ते.”

काकांनी लेन्स खाली ठेवली. “का गं? दुसरीकडे लागला का कुठे?”

ठिपकेताईंनी वही उघडून समोर ठेवली, शेजारी कागद ठेवला. काकांनी चष्मा वर केला, एकेका आकड्यावर बोट ठेवत खालपर्यंत गेले, आणि पुन्हा वरून सुरुवात केली.

“हे कोणाच्या फोटोतले?”

“त्याच्या. काल दिलेल्या कार्डातले.”

“खात्री?”

“सातपैकी सात, काका.”

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाहेर कोणीतरी पासपोर्टच्या फोटोसाठी हनुवटी वर करा, खाली करा, करत होतं.

“तुझ्या शब्दावर मी दीड वर्षं निवांत होतो, ताई,” काका शेवटी म्हणाले. त्यात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. मग त्यांनी फोन काढला आणि एकेक अक्षर शोधत निरोप लिहिला. उद्या येऊ नकोस. त्याखाली काही लिहावं की नाही याचा विचार केला आणि काही न लिहिता पाठवून दिला.

बारक्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, पहिल्या खोलीत खिडकीपाशी त्याच्या बायकोचं शिलाई मशीन. ठिपकेताई पोचल्या तेव्हा पाच वाजले होते. मशीन धडधडत होतं, खिडकीच्या गजाला हँगरवर पांढरा शर्ट लटकत होता, इस्त्री केलेला. बारक्या लाकडी पेटीवर बसून फोनकडे बघत होता.

“आल्या बघा,” भावजय मशीन न थांबवता म्हणाली. “मी म्हटलंच होतं, ताईंना कळलं की त्या येतील. आता ताई काकांना सरळ करतील. तुम्ही उगाच तोंड पाडून बसू नका.”

“ताई, काकांचा निरोप आलाय,” बारक्या उठून म्हणाला. “येऊ नकोस म्हणे. कारण नाही, काही नाही. फोन केला तर उचलत नाहीत. मी तीन दिवस झाले बाकीची कामं नको म्हणून सांगतोय लोकांना. तू बोल ना त्यांच्याशी. तुझं ऐकतात.”

“माझंच ऐकलंय त्यांनी,” ठिपकेताई म्हणाल्या.

मशीन थांबलं.

“म्हणजे?”

“मीच सांगितलं, बोलावू नका म्हणून. बारक्या, राणी कुठे आहे?”

बारक्या आधी हसला. ठिपकेताईंची मस्करी अशीच असते, सरळ चेहऱ्याने, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. तो हसत हसत बायकोकडे वळला, बायको हसत नव्हती. पुन्हा बहिणीकडे बघितलं. मग हसू हळूहळू उतरलं, पण तोंड तसंच उघडं राहिलं, जसं काही ते मिटायचं असतं हे तो विसरला होता.

“काय म्हणालीस?”

“दिलास का कोणाला? की हाच आहे तो, नंबर बदलून घेतलेला? खरं सांग. मी काकांचे पाय धरीन, पण मला खरं सांग.”

“ताई, तू काय बोलतेस ते कळतंय तुला?”

उत्तर म्हणून त्यांनी वही पुढे केली. राणीचं पान, शेजारी कागद. बारक्याने आकडे वाचले. त्याला समजवायची गरज नव्हती. राणीची खुर्ची त्याच्याइतकी कोणाच्या ओळखीची असणार? ते नावही त्याचंच. तो मटकन पेटीवर बसला. त्याचा चेहरा पाहून ठिपकेताईंना वाटलं, आता बोलेल. चोर पकडला की असाच दिसतो, अशी त्यांच्या मनात नोंदही झाली.

“हे माझ्या फोटोंत आहेत?”

“सगळ्यांत.”

“होऊच शकत नाही.”

“मग मी खोटं बोलते का?”

“तसं कुठे म्हणतोय मी?” त्याने लॅपटॉप ओढला. “माझ्याकडे मूळ आहेत. थांब.”

त्याने तालमीचा फोटो उघडला आणि उजेड चढवला. दाणा उठला, पट्टे उठले. मागचा पडदा त्याने खिडकीएवढा केला. तिघंही वाकून बघू लागले. पडद्यावर वाळू होती, पट्टे होते, एका घडीला अडकलेला धागासुद्धा दिसत होता. खुर्ची नव्हती.

“कुठाय?” भावजय म्हणाली.

“पुसले असतील,” ठिपकेताई म्हणाल्या. आपला आवाज आपल्यालाच परका वाटतोय हे त्यांना जाणवलं.

“कार्डावरच्या मूळ फोटोतून? कोण पुसतं? तूच शिकवलंस ना, मुळाला हात लावायचा नाही?” तो आता चिडला नव्हता, बुचकळ्यात पडला होता. “तू कशावर बघितलंस?”

त्यांनी पर्समधून पेनड्राइव्ह काढून दिला. बारक्याने त्यातला फोटो उघडला. पट्टे अजून होते, दाणा थोडा बसला होता. आणि पडद्यावर खुर्ची होती. ठिपकेताईंनी दुःखाने मान हलवली, बघ म्हटल्यासारखी.

बारक्याने पहिला ठिपका मोठा केला. आणखी मोठा केला. ठिपका चौकोन होऊन स्क्रीनभर पसरला. तो त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिला की मागे उभ्या असलेल्या भावजयीने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

“ताई, याचा रंग काय आहे?”

“कशाचा?”

“या ठिपक्याचा.”

ठिपकेताई वाकल्या. चष्मा सारखा केला.

चौकोन काळा होता. भोवतीच्या करड्या वाळूत भोक पडल्यासारखा काळाकुट्ट.

“कॅमेऱ्याचा बिघडलेला ठिपका कसा असतो?” बारक्याने विचारलं. शाळेत विचारतात तसं, हळू.

“उजळ,” ठिपकेताई म्हणाल्या. बावीस वर्षं त्या हे काम करत होत्या. त्यांनी जागा बघितल्या होत्या, आकडे उतरवले होते, आकडे आकड्यांशी ताडून बघितले होते. आकड्यांना रंग नसतो. वहीत रंगाचा रकानाच नव्हता.

“हे ठिपके नाहीत. भोकं आहेत,” तो म्हणाला. “जे नव्हतंच ते कोणीतरी वजा केलंय.”

वजा. ठिपकेताईंच्या डोळ्यांसमोर प्रोग्रामचा तो छोटा चौकोन उभा राहिला, ‘कोणता झाकणफोटो वजा करायचा’ विचारणारा. आज दुपारी, डबा खाता खाता, त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. तिथे राणीचा झाकणफोटो लागलेला होता. राणीचे उजळ ठिपके या बिचाऱ्या फोटोंतून वजा झाले आणि नेमक्या त्या सात जागी सात भोकं पडली. साफ करतानाच त्यांनी डाग पाडले होते. नेहमीच्या, दिवसाउजेडी काढलेल्या फोटोंत ते कळलेही नसते. अंधार उपसला म्हणून वर आले.

“म्हणजे तू नाही घेतलास,” त्या म्हणाल्या. त्यांनी मशीनचा कोपरा धरला. दीड वर्षं छातीवर ठेवलेलं काहीतरी कोणी उचलून बाजूला केल्यासारखं झालं, डोळ्यांत पाणी आलं. “बारक्या, तू नाही घेतलास रे.”

“ते मला माहीत होतं,” बारक्या म्हणाला.

भावजयीने पाण्याचा तांब्या आणला. ठिपकेताईंनी दोन घोट घेतले. सुटले एकदाची, असं त्यांना वाटलं, आणि ते वाटणं त्या दोन घोटांपुरतंच टिकलं. बारक्या अजून लॅपटॉपकडेच बघत होता. कपाळावर आठी होती, हिशेब न जुळणाऱ्या माणसाची.

“पण माझ्या फोल्डरला राणीचा झाकणफोटो लागला कसा?”

“चुकून.”

“चुकून कसा लागेल? तो प्रोग्राम फोल्डरगणिक लक्षात ठेवतो. पहिलवानाच्या फोल्डरला पहिलवानाचा, बुटक्याच्या फोल्डरला बुटक्याचा. मीच बसवून दिलाय तुला. शेवटचा जो लावला असेल तोच पुन्हा पुढे करतो. माझ्या फोल्डरला आधी कोणी राणीचा लावला असल्याशिवाय...”

तो थांबला.

ठिपकेताईंनी तांब्या खाली ठेवला. नीट ठेवला, आवाज होऊ न देता.

“म्हणजे काय?” भावजयीने विचारलं. “मला कळेल असं बोला.”

“म्हणजे ताई माझे फोटो राणीच्या झाकणफोटोशी लावून बघत होती,” बारक्या म्हणाला. तो बायकोशी बोलत होता, बघत मात्र बहिणीकडे होता. “राणीने काढलेत का ते.”

भावजयीने तोंडावर हात ठेवला.

“सगळ्यांचीच कार्डं बघत होतीस का?” त्याने विचारलं. प्रश्नात अजून थोडी जागा ठेवली होती त्याने, तिला उभं राहता येईल एवढी. “बाहेरून येणाऱ्या सगळ्यांची? चोर सापडावा म्हणून?”

हो म्हणाल्या असत्या तर चाललं असतं. त्याने मानलं असतं, किंवा मानल्यासारखं केलं असतं. पण ठिपकेताईंना चुकीची नोंद करायची सवय नव्हती.

“नाही,” त्या म्हणाल्या. “तुझीच.”

“किती वेळा?”

“अकरा.”

“मी आजवर तुला कार्डं किती दिली?”

“हे धरून बारा.”

बारक्याने मान डोलावली, जसं काही आता कुठे बेरीज जुळली होती. मागच्या महिन्यातल्या अकराव्या कार्डाच्या वेळी काकांनी हाक मारली होती आणि तो झाकणफोटो काढून ठेवायचा राहून गेला होता. ठिपकेताईंना तेही आठवलं, तारखेसकट. कोणी विचारलं नाही.

“म्हणजे पहिलंसुद्धा,” तो म्हणाला. “पहिल्या कार्डात पोरगी होती माझी. पहिल्यांदा उभी राहिली तेव्हाची. तू मला फोन करून म्हणालीस, काय गोड आलेत फोटो. त्याच्या आधी बघितलंस की नंतर?”

“आधी.”

“आणि काकांना शब्द द्यायला गेलीस तेव्हा?”

ठिपकेताईंनी वही मिटून काखेत घेतली. शब्द द्यायला जाताना जिन्यातच त्यांच्या मनात आलं होतं, घेतला असला तर. तेवढंच, निमिषभर. त्यांनी ते झटकलं होतं. पण त्यांच्या डोक्यात एकदा नोंद झाली की ती खोडली जात नसे, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

“स्टुडिओतले सगळे गप्प व्हायचे ना, मी आत आलो की,” बारक्या म्हणाला. “तेव्हा मी घरी येऊन हिला सांगायचो, एक ताई सोडून.”

भावजयीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्याने झटकलाही नाही आणि धरलाही नाही.

ठिपकेताईंनी तिथूनच, सगळ्यांसमोर, काकांना फोन लावला. काकांनी त्यांचा मात्र उचलला. “काका, बारक्याने राणी घेतलेली नाही. माझ्याकडून चुकीचा झाकणफोटो लागला होता. ते ठिपके मीच पाडले.”

पलीकडे लेन्सवर फुंकर मारल्याचा आवाज थांबला.

“तुझ्या वहीत चूक?” काका म्हणाले. राणी गेल्याचा जेवढा धक्का त्यांना बसला नव्हता तेवढा आज बसलेला आवाजात ऐकू येत होता.

“वही बरोबर आहे. मी चुकले.”

“उद्या दहाला पाठव त्याला,” काका म्हणाले आणि फोन ठेवला. खोली लहान होती, सगळ्यांना ऐकू गेलं.

बारक्या उठला. कपाटावरून आपला कॅमेरा काढला, झाकण घट्ट बसलंय ना ते अंगठ्याने दाबून बघितलं आणि बटण दाबून तो टेबलावर ठेवला. अर्धं मिनिट गेलं. आत काळोख, काळोखाचा फोटो निघतोय, आणि तिघं त्याच्याभोवती उभी. टक् झालं. त्याने कार्ड काढून बहिणीच्या हातात दिलं.

“हा माझा झाकणफोटो. दीड वर्षांत मागितला नाहीस कधी. वहीत माझ्या कॅमेऱ्याचं पान नसेलच.”

नव्हतं. त्या कॅमेऱ्याचं वेगळं पान उघडायचं म्हणजे तो राणी नव्हे हे मानायचं, आणि ठिपकेताईंनी ते मानलं नव्हतं.

“नाटकाचे फोटो परवा द्यायचेत,” तो म्हणाला. “पट्टे काढ. दाणा थोडा राहिला तरी चालेल.”

“आणि उद्या येशील ना?”

“बघू,” बारक्या म्हणाला.

गुरुवारी ठिपकेताई नऊलाच स्टुडिओत हजर होत्या. त्यांनी नवा झाकणफोटो लावून तालमीचे फोटो पहिल्यापासून साफ केले. भोकं कुठे नव्हती. बारक्याच्या काळोखात दोनच ठिपके सापडले, एक वरच्या कडेला, एक मधोमध. वहीत कोरं पान काढलं, जागा लिहिल्या, आणि शेजारी नवा रकाना आखून त्यात लिहिलं, उजळ, उजळ. माथ्यावर नाव लिहायचं राहिलं. नावं तो ठेवायचा.

राणीचं पान त्यांनी फाडलं नाही. राणी आजतागायत सापडलेली नाही.

दहाला पाच कमी असताना पुढच्या खोलीत त्याचा आवाज आला. ठिपकेताईंच्या जिवात जीव आला. बारक्याचं ‘बघू’ काकांच्या ‘बघू’सारखं नव्हतं तर. काका काहीतरी बोलले, कोणीतरी हसलं, पहिलवानवाल्याने पाठीवर थाप मारल्याचा आवाज आला. मग पांढरा शर्ट मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. शर्टावर एक सुरकुती नव्हती.

“नाटकाचे फोटो झाले का?”

“झाले,” त्या लगबगीने उठल्या. “बघ ना, बस. पट्टे सगळे निघालेत. आणि पान उघडलंय, नाव काय ठेवायचं सांग.”

“नाव तुम्हीच ठेवा काहीतरी,” बारक्या म्हणाला. “आणि आजपासून कार्डं रोज संध्याकाळी तुमच्याकडेच द्यायची ना?”

त्याच्या पाठीमागे, पुढच्या टेबलावरची मुलगी उभी होती. तिच्यादेखत म्हणून ‘तुम्ही’ म्हणाला असेल, अशी ठिपकेताईंनी मनाची समजूत घातली. मुलगी फोन घेऊन जिन्यात गेली. खोलीत दोघंच राहिले. ठिपकेताई थांबल्या. झाकणफोटोला अर्धं मिनिट पुरतं.

“माझ्याकडेच,” त्या म्हणाल्या.

“बरं. मग संध्याकाळी आणून देतो तुम्हाला,” तो म्हणाला, आणि जाताना दार हलकेच लोटून घेतलं.